दोरीचा बाण

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिकां’तला शर्विलक हा रंगभूमीवर आलेल्या सर्व चोरांत बहुधा सर्वांत व्युत्पन्न चोर असावा. भिंतीला भगदाड पाडण्यापूर्वीं त्याचा आकार कोणता असावा याचा तो शास्त्रोक्त विचार करतो. मापाची दोरी विसरली म्हणून गळ्यांतल्या जानव्यानें माप घेतो. जुनें दार करकरूं नये म्हणून त्यावर पाणी शिंपडतो, आणि तें पाणीहि जमिनीवर पडून आवाज करणार नाहीं अशी खबरदारी घेतो. दिवा मालविण्यासाठीं त्याच्यापाशीं खास बाळगलेला किडा असतो. चारुदत्ताच्या घरांत चोरण्याजोगें फारसें कांहीं उरलेलें नाहीं, ही गोष्ट वेगळी. प्रेक्षक त्या प्रवेशांत श्वास रोखून बसतो, तो मालासाठीं नव्हे. अंधार आणि शांतता एवढींच हत्यारें घेऊन एक मनुष्य परक्या घरांत उभा आहे आणि घरांतलीं माणसें झोपेंत कूस बदलीत आहेत, एवढ्यावरच सारी उत्कंठा तोललेली असते.

हीच उत्कंठा १९९८ सालीं अमेरिकेंतील केंब्रिज या गांवच्या ‘लुकिंग ग्लास’ नांवाच्या एका मंडळीनें संगणकाच्या पडद्यावर आणली. खेळाचें नांव ‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’. २००० सालीं ‘थीफ २: द मेटल एज’ हा दुसरा भाग निघाला, २००४ मध्यें ‘थीफ: डेडली शॅडोज’ हा तिसरा, आणि दहा वर्षांच्या खंडानंतर २०१४ सालीं नुसत्या ‘थीफ’ या नांवाचा चौथा. चारहि भागांचा नायक, निदान नांवानें तरी, एकच: गॅरेट नांवाचा चोर. नांव ऐकून मुलांच्या आईबापांच्या कपाळाला आठी पडते, आणि तें स्वाभाविक आहे. पण या मालेचे भक्त पंचवीस वर्षांनंतरहि ज्या गोष्टीवरून भांडतात ती चोरी नव्हे. त्या भांडणाच्या मुळाशीं एक दोरीचा बाण आहे. त्या बाणाचें चारहि भागांत काय झालें हें पाहिलें, म्हणजे माला कोठें चढली व कोठें उतरली हें निराळें सांगण्याचें फारसें कारण उरत नाहीं.

हा खेळ निघाला तेव्हांचे त्याच्या जातीचे बहुतेक खेळ बंदुकीचे होते. ‘डूम’ १९९३ सालचा, ‘क्वेक’ १९९६ चा. दोहोंतहि खेळणाराच्या डोळ्यांसमोर बंदुकीची नळी, आणि जो दिसेल त्यावर ती रोखावयाची. लुकिंग ग्लासच्या मंडळीनें प्रथम तलवारबाजीचा खेळ करण्याचें योजिलें होतें. आर्थर राजाची कथा उलटी करून दुष्ट मानल्या गेलेल्या मॉर्ड्रेडला नायक करावें, असाहि एक बेत झाला होता. तो बेत मोडला, पण त्यांतला एक चोर तेवढा हातीं राहिला; आणि लढणें बाजूला ठेवून लपणें हाच सगळा खेळ करावा, अशी कल्पना हळूहळू पक्की झाली. गॅरेटजवळ तलवार आहे, पण तिचा उपयोग बेताचा. एका पहारेकऱ्याशीं गांठ पडली तर कदाचित् निभावेल. दोघे आले कीं पळावें हेंच बरें. नायकाला जाणूनबुजून दुबळा करणें ही त्या काळीं धाडसाची गोष्ट होती.

दुबळ्या माणसाला जगावयाचें तर त्याला जगाचे नियम नीट ठाऊक असले पाहिजेत. पडद्याच्या तळाशीं एक लहानसें रत्न दिसतें. गॅरेट उजेडांत असला कीं तें उजळतें, अंधारांत गेला कीं काळवंडतें. पहारेकऱ्याला तो दिसेल कीं नाहीं हें याच उजेडावरून, त्याच्या हालचालीवरून, मधल्या अंतरावरून आणि पहारेकऱ्याचें तोंड कोणीकडे आहे यावरून ठरतें. ‘दिसला’ आणि ‘दिसला नाहीं’ अशा दोनच अवस्था नसतात. पहारेकरी आधीं नुसता थबकतो, उंदीरबिंदीर असेल अशी स्वतःची समजूत घालून पुढें जातो. पुन्हां कांहीं वाटलें तर शोधूं लागतो. आणि अगदीं खात्री पटली म्हणजेच ओरडतो. या मधल्या पायऱ्यांवर खेळणारानें भिंतीला पाठ लावून काढलेले क्षण हेंच या खेळाचें खरें द्रव्य.

दुसरा नियम आवाजाचा, आणि श्वासाच्या फरकावरून बोलणाराचें मन ओळखणाऱ्या रेडिओच्या श्रोत्यांना त्याची थोरवी पटवून द्यावयास नको. फरशीवर बूट वाजतात, लोखंडी जाळीवर त्याहून अधिक वाजतात. गालिचावर किंवा गवतावर पाऊल टाकलें तर जवळजवळ ऐकूं येत नाहीं. सारा वाडा संगणकानें खोल्याखोल्यांत विभागलेला असतो, आणि आवाज भिंतींतून आरपार न जातां दारांतून, जिन्यांतून, बोळांतून वळसे घेत येतो. बंद दार आड आलें कीं तो दबतो. त्यामुळें डोळे मिटून बसलें तरी पहारेकरी डाव्या दारानें येत आहे कीं जिन्यावरून उतरत आहे, हें कानाला कळतें. नियम दोघांनाहि सारखाच: जसें चोराला पहारेकऱ्याचें शिटी घालणें ऐकूं येतें, तसाच चोराचा बूट पहारेकऱ्याला ऐकूं जातो. ध्वनियोजना एरिक ब्रोसियस यांची होती, आणि गॅरेटचा कोरडा, थकलेला, किंचित् उपहासाचा आवाज स्टीफन रसेल या नटाचा.

आतां बाणांविषयीं. गॅरेटच्या भात्यांत माणसें मारण्याचे बाण थोडे, जग बदलण्याचे अधिक. पाण्याचा बाण मशाल विझवितो. शेवाळाचा बाण वाजणाऱ्या फरशीवर मऊ थर पसरतो. आणि एक दोरीचा बाण आहे. तो लांकडांत किंवा तशाच मऊ वस्तूंत मारला कीं रुततो व त्याच्यापासून दोरी खालीं सुटते. दगडावर किंवा लोखंडावर मारला तर आपटून खालीं पडतो. नियम एवढाच. कोणत्या लांकडांत, तें खेळकर्त्यांनीं ठरविलेलें नाहीं. छपराचा वासा असो, माळ्याची तुळई असो, सज्जाची कडा असो, लांकूड असलें कीं पुरे. वर चढून गेल्यावर बाण उपटून पुन्हां भात्यांत ठेवतां येतो.

ही गोष्ट वाटते त्याहून मोठी आहे. खेळकर्त्यानें वाडा बांधला, त्याला दरवाजा ठेवला, दरवाजावर पहारा बसविला. आणि खेळणारानें वर पाहिलें, तो एका खिडकीवर लांकडी छज्जा! तेथून चढावें हें कोणी सुचविलेलें नाहीं, खेळकर्त्याच्या मनांतहि कदाचित् तें आलेलें नसेल. तरी नियम नियमच असल्यामुळें तो मार्ग खुला होतो, आणि त्या मार्गानें आंत गेलेल्या माणसाला जो आनंद होतो तो कोडें सुटल्याचा नसून स्वतः कांहीं शोधून काढल्याचा असतो. शर्विलकालाहि कोणी भिंतीवर खूण करून ठेवली नव्हती.

पहिल्या भागांत बारा कामगिऱ्या आहेत. पहिली एका उमरावाच्या वाड्यांतून राजदंड चोरण्याची, आणि ती आजहि नमुना म्हणून दाखवावी अशी आहे. परंतु पुढें चोर एकाएकीं थडग्यांत उतरतो, तेथें चालतीं प्रेतें भेटतात, नंतर विचित्र श्वापदें. चोराच्या खेळांत वेताळ कशाला, अशी तक्रार त्या काळींच झाली. तींत अर्धेंच तथ्य आहे. खाणी व गुहा कांहीं ठिकाणीं कंटाळवाण्या आहेत हें खरें. पण कॉन्स्टंटाइन नांवाच्या गृहस्थाच्या ज्या वाड्यांत एक तलवार चोरावयाची असते, तो जसजसें वर चढावें तसतसा वेडावांकडा होत जातो, आणि त्या वाड्याची भीति साध्या उमरावाच्या घरांत कधींच साधली नसती. १९९९ सालीं ‘थीफ गोल्ड’ या नांवानें हाच भाग तीन नव्या कामगिऱ्या घालून पुन्हां निघाला. त्यांपैकीं एक ऑपेरागृहांतली, ती चांगली आहे; चोरांच्या टोळीच्या तळघरांतली मात्र इतकी गुंतागुंतीची कीं तींत शहाणा मनुष्यहि वाट चुकतो.

काठिण्याची योजनाहि सांगण्यासारखी आहे. इतर खेळांत ‘कठीण’ म्हणजे शत्रु अधिक बळकट. येथें ‘कठीण’ म्हणजे चोराकडून अधिक सफाईची अपेक्षा: अधिक माल आणला पाहिजे, अधिक कामें केलीं पाहिजेत, आणि सर्वांत वरच्या पायरीवर बहुतेक कामगिऱ्यांत एकाहि मनुष्याचा जीव घेतां कामा नये. नांव चोराचें असलेल्या या खेळांत उत्तम खेळणाराचें लक्षण अहिंसा ठरावें, हें आठी घातलेल्या आईबापांना कोणीतरी सांगावयास हवें.

दुसऱ्या भागानें, म्हणजे २००० सालच्या ‘मेटल एज’नें, टीकाकारांचें म्हणणें मनावर घेतलें. प्रेतें जवळजवळ नाहींशीं झालीं, आणि त्यांची जागा माणसांनीं व यंत्रांनीं घेतली. कॅरस नांवाचा एक धर्मवेडा कारागीर शहरभर आपलीं यंत्रें पसरीत आहे: वळून पाहणारे कॅमेरे, वाफेवर चालणारे धातूचे पहारेकरी. या पहारेकऱ्यांच्या पाठीवरच्या भट्टींत पाण्याचा बाण मारला तर ते बंद पडतात, ही युक्ति पहिल्यांदा साधते तेव्हां हंसूं आल्याशिवाय राहत नाहीं. गंमत अशी कीं गॅरेट, हा चिरक्या आवाजाचा कॅरस आणि बेनी नांवाचा एक झिंगलेला पहारेकरी या तिघांचेहि आवाज एकट्या रसेल यांनींच दिले आहेत.

निव्वळ घरफोडीचा खेळ म्हणून हा भाग मालेंतला सर्वांत परिपूर्ण म्हणावा लागतो. त्यांत एक पेढी लुटावयाची असते, आणि तिची रचना इतकी समंजस कीं खरोखरच कोणीतरी ती पेढी म्हणून बांधली असावी असें वाटतें. दुसऱ्या एका कामगिरींत तर शहराच्या छपरांछपरांवरून एका उंच मनोऱ्यापर्यंत जावयाचें व पुन्हां परत यावयाचें. रस्ता असा नाहींच. कौलें, गच्च्या, खिडक्या, मधल्या फळ्या आणि दोरीचा बाण. या बाणाचें सोनें कोठें झालें असेल तर तेथें. मात्र सूक्ष्मपणें पाहणारास एक बदल जाणवतो. शहर धातूचें होत चाललें आहे, म्हणून लांकूड कमी होत आहे; विजेचे दिवे वाढले आहेत, आणि ते पाण्यानें विझत नाहींत. चोराचीं साधनें कथेच्याच ओघांत निकामीं होत जातात. कॅरसचें यंत्रयुग चोराला का नको आहे हें संवादांतून सांगण्यापूर्वीं तें हातालाच जाणवतें. असें कथाकथन खेळाखेरीज दुसऱ्या कोणत्या कलेला साधलें असतें कोण जाणे. पहिल्या भागाचें गूढ भय मात्र येथें नाहीं, आणि ज्यांना तें प्रिय होतें ते अजूनहि पहिल्या भागालाच वरची पायरी देतात.

हा भाग मार्चमध्यें बाजारांत आला, आणि त्याच वर्षाच्या मे महिन्यांत लुकिंग ग्लासचीं दारें बंद झालीं. चांगलें काम आणि चांगली मिळकत यांची सोयरीक नेहमींच जुळते असें नाहीं.

तिसरा भाग टेक्ससमधील ऑस्टिन येथील ‘आयन स्टॉर्म’ या संस्थेनें केला. तेथें लुकिंग ग्लासमधले कांहीं जुने लोक गेले होते, आणि कथेचा शेवट त्यांनीं मोठ्या मायेनें केला आहे. पहिल्या भागाच्या आरंभीं एक भुकेला पोरगा एका गूढ पुरुषाचा खिसा कापावयास जातो व पकडला जातो. तिसऱ्या भागाच्या अखेरीस तोच पोरगा, आतां उतारवयाकडे झुकलेला, खिसा कापणाऱ्या एका मुलीचा हात धरतो. सावल्या येथें प्रथमच हलत्या झाल्या: मशाल घेऊन चालणाऱ्याची सावली भिंतीवरून सरकते व लपलेल्याला उघडा पाडते. परंतु हा खेळ संगणकाबरोबरच एक्सबॉक्स या दूरचित्रवाणीला जोडावयाच्या यंत्रासाठींहि बांधला होता, आणि त्या यंत्राची स्मरणशक्ति तुटपुंजी. म्हणून मोठमोठे वाडे तुकड्यांत कापावे लागले. एका तुकड्यांतून दुसऱ्यांत जातांना खेळ थांबतो, आणि तो थांबला कीं जमलेली शांतता मोडते. पोहणें गेलें. आणि दोरीचा बाणहि गेला. त्याच्या जागीं भिंतीवर चढण्याचे हातमोजे आले. हातमोज्यांनीं चढतां येतें हें खरें, पण त्यांत नेम नाहीं, दोरीवर लोंबकळतांना खालून जाणाऱ्या पहारेकऱ्याचें टाळकें पाहत राहणें नाहीं. बदली कारकुनानें काम उरकावें तसे ते वाटतात.

असें असूनहि साऱ्या मालेंतली सर्वांत भयंकर वास्तु याच भागांत आहे. तिचें नांव शेलब्रिज क्रेडल. ती एकेकाळीं अनाथालय होती, मग वेड्यांचें इस्पितळ झाली, आणि मधला कांहीं काळ ती एकाच वेळीं दोन्ही होती. हें शेवटलें वाक्य खेळांत जेव्हां कळतें तेव्हां अंगावर कांटा येतो. जॉर्डन थॉमस यांनीं रचलेल्या या कामगिरीच्या पहिल्या भागांत शत्रु कोणीच नाहीं. मोकळ्या खोल्या, मोडके पलंग, दूर कोठेंतरी धपधप वाजणारें कांहींतरी. खेळणारा अर्धा तास जीव मुठींत धरून रिकाम्या घरांतून चालतो, आणि त्याला घाबरविणारें तेथें त्याच्या कानांवांचून कोणीहि नसतें. दोन भागांत शिकविलेली ऐकण्याची विद्या येथें त्याच्यावरच उलटविली आहे. दोरीचा बाण हरवलेल्या या खेळाला एवढ्या एका वास्तूसाठीं पुष्कळ माफ करावें लागतें. २००५ सालीं आयन स्टॉर्महि बंद झाली.

चौथा भाग २०१४ सालीं कॅनडांतील ‘आयडॉस-माँट्रिऑल’ या संस्थेनें केला. नवे लोक, नवी कथा. जुन्या जगाचीं नांवें थोडीं राखून बाकीचें बदललेलें. रसेल यांच्या जागीं रोमानो ओर्झारी यांचा आवाज आला. दिसावयास हा भाग अर्थातच सर्वांत सुंदर: पावसानें चकाकणारे दगड, धुक्यांतले दिवे, आणि चित्राच्या चौकटीमागून बोटें फिरवून खटका शोधणारे गॅरेटचे हात. त्या हातांचें काम खरोखर वाखाणण्यासारखें आहे. एका सावलींतून दुसऱ्या सावलींत निमिषांत सरकण्याची नवी चालहि मजेची आहे.

आणि दोरीचा बाण परत आला! जुन्या भक्तांना केवढा आनंद झाला असेल. पण तो फार काळ टिकला नाहीं. कारण हा बाण आतां लांकडांत रुतत नाहीं. तो फक्त दोरखंड गुंडाळून ठेवलेल्या ठराविक तुळयांतच रुततो, आणि त्या तुळया खेळकर्त्यांनीं जेथें टांगल्या आहेत तेथेंच असतात. शेजारीं तसलीच दुसरी लांकडी तुळई असली तरी ती बाणाला ओळख देत नाहीं. उडी मारण्याचेंहि तेंच: जेथें उडी मारणें योजिलें असेल तेथेंच गॅरेट उडी मारतो, एरव्हीं वीतभर उंच पेटीपुढेंहि तो उभा राहतो. शिवाय ‘फोकस’ नांवाची एक दिव्य दृष्टि दिली आहे, तिनें उपयोगाच्या सर्व वस्तु आपोआप चमकूं लागतात. चोराला कौशल्य मिळालें आणि खेळणाराचें काढून घेतलें, असा हा व्यवहार झाला. खेळकर्त्यांना ही टीका ठाऊक नव्हती असेंहि नाहीं. फोकस व इतर मदती बंद करून कठोर नियमांनीं खेळण्याची सोय त्यांनीं ठेवली होती, आणि ती सोय घेतली तर रस्त्यांवरच्या किरकोळ घरफोड्या बऱ्यापैकीं रंगतात. परंतु मदत बंद करतां येते, भिंत उघडतां येत नाहीं. ज्या वाड्याला दोनच वाटा ठेवल्या, त्याला तिसरी वाट शोधणारा कितीहि हुशार असला तरी काय करणार?

नव्यानें सुरुवात करणारानें पहिला भाग ‘गोल्ड’ या रूपांत घ्यावा. चित्रें ओबडधोबड आहेत, तीं पहिल्या अर्ध्या तासांत विसरलीं जातात. कानांवर चांगले हेडफोन आणि खोलींत अंधार, एवढी तयारी मात्र हवी. लगेच दुसरा भाग, आणि तिसऱ्यांतली निदान ती एक वास्तु. चौथा सवड असल्यास.

मालेचा इतिहास तेथेंच संपता तर तो उताराचाच इतिहास ठरला असता. परंतु लुकिंग ग्लासनें वाडे रचण्याचें आपलें साधन, ‘ड्रॉमेड’, खेळणारांस खुलें करून दिलें होतें. त्यावर निरनिराळ्या देशांतल्या हौशी लोकांनीं फावल्या वेळांत शेंकडो कामगिऱ्या रचल्या व फुकट वाटल्या. २००५ सालीं अशाच एका मंडळीनें झाया नांवाच्या स्त्री-चोराची संपूर्ण मोहीम प्रसिद्ध केली. २००९ सालीं दुसऱ्या एका गटानें ‘द डार्क मॉड’ हा नवाच खेळ जुन्या नियमांवर उभा केला, आणि २०१३ पासून तो स्वतंत्रपणें चालतो. २०१२ मध्यें तर एका अनामिकानें मूळ खेळाची सुधारलेली यंत्रणाच जगापुढें ठेवली. तिच्यामुळें जुने दोन्ही भाग आजच्या संगणकांवर सुरळीत चालतात, आणि पूर्वीं न मावणारे प्रचंड वाडे आतां मावतात. त्या गृहस्थानें आपलें नांव सांगितलें नाहीं. चोराच्या खेळाला तें शोभलें.

त्याच सुधारलेल्या यंत्रणेवर २०२३ सालीं, पहिल्या भागाला पंचवीस वर्षें झालीं तेव्हां, ‘द ब्लॅक परेड’ ही दहा कामगिऱ्यांची नवी मोहीम विनामूल्य निघाली. ती कित्येक वर्षें खपून रचलेली आहे. तिचा नायक गॅरेट नाहीं, ह्यूम नांवाचा दुसराच मनुष्य आहे. त्याच्या भात्यांतला दोरीचा बाण मात्र जुनाच आहे, आणि तो लांकडाच्या कोणत्याहि तुळईंत रुततो.